आज तारीख काय रे?

काल रात्रभर साइटवर आरटी (रेडिओग्राफी, म्हणजे वेल्डिंगच्या जॉइंटचे किरणांनी फोटो काढणं) होती, वेल्डर लोक घरी गेले की आमचं काम सुरू, दोरी बांधा, लाल दिवे लावा, सर्व्हे मीटर (रेडिएशन मोजणारं यंत्र) चालू करा. फिल्मवर किरण किती वेळ सोडायचे ते टायमिंग मीच काढलं, एकदम कॉन्फिडन्समध्ये. पहाटे फिल्म डेव्हलप केल्या तर सगळ्या फिक्या, डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) कुठे १.१ कुठे १.२, गॅमा किरणांच्या फिल्मला निदान २ तरी पाहिजे ना राव! आधी वाटलं डेव्हलपर जुना झालाय (दोष द्यायला डेव्हलपर बरा असतो). मग चार्ट उघडला तर मी सोर्सच्या (किरण देणाऱ्या गोळीच्या) सर्टिफिकेटवरचे ६० क्युरीच, म्हणजे नव्या सोर्सची ताकद, धरून बसलेलो, आणि आमच्या सोर्सची, म्हणजे इरिडियम १९२ ची, हाफ लाइफ (ताकद निम्मी व्हायचा काळ) ७४ दिवस, सोर्स येऊन अडीच महिने झालेले म्हणजे उरले कसेबसे ३०, टाइम सरळ डबल लागणार होता. सोर्स ते फिल्म अंतर ५०० चं ७०० मिमी केलं की वेळ जवळपास दुप्पट, कारण अंतराचा वर्ग घ्यायचा, हे मी ट्रेनी पोरांकडून घोकून घेतो आणि स्वतः कॅलेंडर बघत नाही 🤦 १८ जॉइंट रीशूट.

आमचे सिनियर काका काहीच बोलले नाहीत, फक्त चहाचा ग्लास हातात देताना म्हणाले, "आज तारीख काय रे?"