वरच्या झाडांत खालचं क्लोरोप्लास्ट

आम्ही ऱ्होडोडेंड्रॉन या डोंगराळ फुलझाडाच्या दोन जातींवर काम करतो. एक खालच्या जंगलातली. दुसरी वृक्षरेषेजवळ, म्हणजे जिच्यावर झाडं वाढत नाहीत त्या उंचीजवळ वाढणारी, पानाच्या पाठीवर दाट तपकिरी लव असलेली. काम अजून प्रसिद्ध झालेलं नाही, म्हणून जातींची नावं इथे देत नाही. त्या दिवशी दोन वंशवृक्ष शेजारी-शेजारी उघडले : एक पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएवरून काढलेला, दुसरा क्लोरोप्लास्टच्या, म्हणजे पेशीतल्या ज्या हिरव्या कणांत पान अन्न बनवतं त्यांच्या वेगळ्या डीएनएवरून. पहिल्यात दोन्ही जाती स्वच्छ वेगळ्या. दुसऱ्यात एकाच डोंगरधारेवरची वरच्या जातीची सगळी झाडं खालच्या जातीच्या फांदीवर.

"नमुन्यांच्या नळ्या बदलल्या असतील," हे लगेच ऐकावं लागलं. असं म्हणणाऱ्यांनी या पानांतून स्वतः डीएनए काढून बघावा. पान चिवट, फिनॉल नावाच्या रसायनांनी भरलेलं. सिलिका जेलमध्ये वेळेत सुकलं नाही तर अर्क तपकिरी होतो आणि पुढची एन्झाइमं अडून बसतात. पेशी फोडणाऱ्या सीटॅब बफरमध्ये फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घालायचं, मर्कॅप्टोइथेनॉलचा वास सोसायचा, क्लोरोफॉर्मनं धुवायचं आणि वरचा थर उचलताना मधल्या पांढऱ्या पापुद्र्याला पिपेटची टिप लागू द्यायची नाही. आमची तंत्रज्ञ हे ज्या निगुतीनं करते, तसं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तरी पहिला संशय तिच्यावर आला, याचा मला अजून राग आहे. तिनं त्याच झाडांच्या हर्बेरियम शीटवरच्या, म्हणजे नोंदीसाठी वाळवून कागदावर चिकटवलेल्या पानांतून पुन्हा डीएनए काढला, उत्तर तेच. शिवाय दोन्ही वंशवृक्ष एकाच नळीतल्या अर्कावरून काढलेले. नळी बदलली असती तर पहिलाही बिघडला असता.

बहुतेक सपुष्प वनस्पतींत क्लोरोप्लास्ट बीजांडातून, म्हणजे आईकडून येतं. ती फक्त आजोळची नोंद. कधीतरी खालच्या जातीच्या फुलावर वरच्या जातीचा पराग पडला असणार. दोन्ही जातींत गुणसूत्रं 26, त्यामुळे संकर वांझ राहिला नसावा. त्याच्या लेकींवर पिढ्यान्‌पिढ्या वरचाच पराग पडत गेला, तर केंद्रक जवळजवळ पूर्ण वरच्या जातीचं होतं आणि क्लोरोप्लास्ट मात्र खालचंच राहतं.

दुसरीही शक्यता होती : दोन्ही जाती वेगळ्या होण्याआधीचीच विविधता इथे अर्धवट उरली असेल. पण तशी उरलेली विविधता एकाच धारेवर गोळा का व्हावी? मग केंद्रकातले बदल मोजले. नुसता जुना वारसा असता, तर खालच्या जातीशी जुळणारे बदल या धारेवरच्या आणि दुसऱ्या डोंगरावरच्या झाडांत सारखेच निघाले असते. या धारेवरचं पारडं स्पष्ट जड निघालं.

मला झोप लागू दिली नाही ती गोष्ट वेगळीच. त्या धारेवर आज खालची जात नाहीच. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना डोंगरावरचे वनस्पतींचे पट्टे खाली सरकले होते. ऊब वाढली तसे ते पुन्हा वर चढले. या सरकासरकीत दोन जाती शेजारी आल्या असतील आणि एक पुढे तिथून नाहीशी झाली असेल. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर सेनेसिओ या सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतीच्या वरच्या आणि खालच्या जातींचा संकरपट्टा आजही डोळ्यांनी दिसतो. आमच्या धारेवर दुसरा पक्षच हजर नाही.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं : ही झाडं वगळा, निकाल स्वच्छ दिसेल. मला हे अजिबात मान्य नाही. डोंगरावर जाती अशाच घडतात, जवळ येत आणि दुरावत. न जुळणारी झाडं काढून टाकली तर इतिहासाचं तेवढं पानच जातं. संवर्धनाच्या यादीतून कुणी उद्या त्यांना 'अशुद्ध' म्हणून गाळलं तर?

अडचण एकच खरी आहे आणि ती त्यांनी काढलेली नाही. ऱ्होडोडेंड्रॉन याच प्रजातीत (जीनसमध्ये) मोडणाऱ्या अझेलियांच्या काही संकरांत बापाकडूनही क्लोरोप्लास्ट आल्याच्या नोंदी आहेत. आमच्या झाडांत तसं होत असेल, तर आई कोण हे मी ठरवलं ते उलटू शकतं. म्हणून येत्या फुलोऱ्यात दुसऱ्या डोंगरावर, जिथे दोन्ही जाती आहेत तिथे, दोन्ही बाजूंनी हातानं परागण करणार आहोत : फुलातले परागकोश आधीच काढायचे, पिशवी बांधायची, मग पराग लावायचा. रोपं फुलायला बरीच वर्षं घेतील, पण क्लोरोप्लास्ट तपासायला रोपाचं पहिलं खरं पान पुरतं.