७५ सेंटिमीटर

बसचालकांना शिकवणं हे माझं काम, पण गंभीर तक्रार आली की चौकशीलाही मलाच बसवतात. सायकलवाल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: कट मारला, मागून हॉर्न वाजवून घाबरवलं. चालकांच्याही ठरलेल्या: मुद्दाम मधून चालवतात, सिग्नल पाळत नाहीत. हे प्रकरण वेगळं होतं, कारण दोन्हीकडे चित्रण होतं. बसच्या पुढच्या काचेवर एक कॅमेरा, सायकलवाल्या बाईंच्या हँडलवर दुसरा. चालक आणि बाई, दोघंही आपलं चित्रण आधी दाखवायला उतावीळ.

घडलं होतं ते असं. सकाळच्या गर्दीत बाई रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. पुढे उभ्या गाड्यांची रांग आली तशा त्या लेनच्या मध्याकडे सरकल्या. मागून आलेल्या बसने लांबलचक हॉर्न दिला, लगटून ओव्हरटेक केलं आणि शंभरेक मीटरवरच्या थांब्यावर बस पुन्हा कडेला घेतली. बाईंनी बस गाठली, चालकाच्या खिडकीच्या काचेवर हात आपटले आणि सायकल आडवी लावून बससमोर उभ्या राहिल्या. प्रवासीही त्यांच्यावरच ओरडले. उशीर त्यांचाही होत होताच.

बसचं चित्रण पाहिलं तर वाटावं, बाई काही कारण नसताना अचानक आडव्या आल्या. बाईंचं पाहिलं तर बस जवळून गेली, पण फार जवळून गेली असं काही वाटत नाही. त्याचं कारण कॅमेऱ्यात होतं. या छोट्या कॅमेऱ्यांची भिंगं रुंद कोनाची असतात. त्यांत सगळंच असतं त्याहून लांब दिसतं. मी चित्रण थांबवून बसच्या चाकाची आणि लेनच्या पट्टीची जागा जुळवली तेव्हा अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास भरलं.

“पण त्या मध्ये आल्याच का?” चालकांचा प्रश्न रास्त होता. बाईंच्या चित्रणात उत्तर होतं. कडेला उभ्या गाडीचे ब्रेकचे दिवे नुकतेच विझले होते आणि चालकाच्या जागेवर डोकं दिसत होतं. म्हणजे दार कधीही उघडणार. गाडीचं दार उघडलं की साधारण मीटरभर बाहेर येतं आणि सायकलवाला त्यावर आदळला तर बहुतेकदा रस्त्याच्या बाजूलाच फेकला जातो, मागून येणाऱ्या चाकांपुढे. बसच्या उंच जागेवरून गाडीचं छप्पर दिसतं, आतलं डोकं दिसत नाही.

“ठीक आहे, पण कडेने गेल्या असत्या तर मी आरामात निघून गेलो असतो,” चालक म्हणाले. हे वाक्य मी प्रत्येक तुकडीत ऐकतो. म्हणून फळ्यावर आकडे मांडले. त्या रस्त्याची लेन सव्वातीन मीटर. बसची रुंदी अडीच मीटर, आरसे सोडून. उरले ७५ सेंटिमीटर. सायकलचं हँडलच ६० सेंटिमीटर असतं.

“आता सांगा, बाईंना कुठे बसवू?”

चालक फळ्याकडे बघत राहिले. सायकल कडेला असो की मधे, सुरक्षित ओव्हरटेक करायचं तर बसला शेजारच्या लेनमध्ये जावंच लागतं. शेजारची लेन मोकळी नसेल तर ओव्हरटेक होतच नाही. म्हणजे सायकल मधे आल्यामुळे चालकांचं काहीच हिरावलं गेलं नव्हतं. जी फट आहे असं वाटत होतं ती मुळात नव्हतीच, आणि मधे चालणारी सायकल ते फक्त उघड करते. माझ्या मते या भांडणातला अर्ध्याहून अधिक राग या नसलेल्या फटीपायी आहे.

अनेक देशांनी हे कायद्यातच लिहून टाकलंय. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये गावात एक, बाहेर दीड मीटर. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ साली सायकलस्वारांना स्पष्ट सांगितलं गेलं, की शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत आणि रस्ता अरुंद होतो तिथे लेनच्या मधोमध चालवा.

मात्र मधे चालवलं की जास्त जागा मिळतेच असं नाही, हेही मी बाईंना सांगितलं. इयान वॉकर नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने स्वतः सायकल चालवत, अंतर मोजणारं यंत्र लावून, २,३०० हून अधिक ओव्हरटेक नोंदवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तो कडेपासून जितका आत चालला तितक्या गाड्या त्याच्या जवळून गेल्या, आणि सगळ्यात जवळून गेले ते बस आणि ट्रक. प्रयोगादरम्यान त्याला एक बस आणि एक ट्रक धडकलेही. बाई म्हणाल्या, “म्हणजे मी कुठेही चालवलं तरी मरणारच!” यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं.

दुपारी दोघांना डेपोच्या मैदानात नेलं. नव्या चालकांकडून आम्ही एक गोष्ट करून घेतो: स्टँडवर घट्ट बसवलेल्या सायकलवर त्यांना बसवायचं, मधे जाड पट्टा आखायचा आणि शेजारून बस न्यायची. आधी दीड मीटरवरून, मग मीटरभरावरून. त्याहून जवळ नेत नाही. तशी गरजही पडत नाही. मोठं वाहन शेजारून जाताना हवा आधी बाहेर ढकलते आणि लगेच आत ओढते. बस चालवण्यात उभी हयात गेलेल्या या गृहस्थांनी दुसऱ्या फेरीला हँडल सोडून मैदानाच्या कडेचा खांब धरला.

मग पाळी बाईंची. त्यांना चालकाच्या जागेवर बसवलं आणि मी पुढच्या दाराच्या कोपऱ्याशी सायकल घेऊन उभा राहिलो. आरसा आणि काचेचा खांब यांच्या मधल्या पट्ट्यात मी पूर्ण नाहीसा झालो. त्यांनी मान डावी-उजवी करून, पुढे वाकून पाहिलं तेव्हा कुठे माझं डोकं दिसलं. “तुम्ही रोज एवढं वाकता?” त्यांनी चालकांना विचारलं.

“वाकतो की. कंबर गेली त्यातच.”

‘चूक दोघांचीही’ असा शेरा मारून फाईल बंद करणं सोपं होतं. वरिष्ठांना तेच आवडलं असतं. पण बारा मीटरची बस रिकामी असली तरी दहा-बारा टनांची असते आणि सायकलसह माणूस शंभर किलोही भरत नाही. काचेवर हात आपटणं आणि बस रोखणं गैरच, ते मी अहवालात लिहिलं. ते अर्धा मीटर अंतराच्या शेजारी, त्याच वजनाचं म्हणून मात्र लिहिलं नाही.

शेवटी वेळेचा हिशोब निघाला, तो चालकांनीच काढायला लावला. “मागे राहिलो असतो तर केवढा उशीर?” बाई ताशी १८ किलोमीटरने चालल्या होत्या, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. थांब्यापर्यंतच्या शंभर मीटरला २० सेकंद. बसने त्याच्या दुप्पट वेगाने ते अंतर १० सेकंदांत कापलं. वाचले १० सेकंद, आणि मग बाईंनी गाठेपर्यंत बस प्रवासी घेत थांब्यावरच उभी होती.

चालक चिडले, पण माझ्यावर नाही. “सर, सकाळच्या फेरीला वेळच इतका कमी दिलाय की दहा सेकंदही सोडवत नाहीत.” मी म्हटलं, हे लिहून द्या. त्यांनी अहवालाखाली सही करताना स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की सकाळच्या फेरीचा वेळ वाढवून मिळावा. मी तो मुद्दा शिफारशीत घेतला. चालकांना पुन्हा प्रशिक्षण आणि लेखी ताकीद मिळाली.

बाईंना विचारलं, तक्रार मागे घेणार का? “नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्या वेळापत्रकाखाली माझीही सही चालेल का?”

तसा रकाना अर्जात नव्हता. वेगळा कागद जोडला.