शरणपूर ते गिथुंगुरी

आठवीत असताना इतिहासाच्या सरांनी आमचा वर्ग शाळेतून चालत शरणपूरला नेला होता. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनऱ्यांनी इथे, आपल्या नाशकात, शिकवली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवपेटीसोबत इंग्लंडला गेला, असं सर रस्त्याकडेला उभे राहून सांगत होते. पुढच्याच वर्षी इथले कितीतरी जण केनियातल्या मोंबासाजवळ फ्रीअरटाउन या सोडवलेल्या गुलामांच्या वस्तीत जाऊन राहिले.

नोकरीने मला नैरोबीला नेलं, तेव्हा हे सगळं पुन्हा आठवलं. जवळच थोगोटोला स्कॉटिश मिशनचं जुनं ठाणं आहे. केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा तिथेच शिकले. तिथले किकुयू लोक मिशनमध्ये गेलेल्यांना ‘आथोमी’ म्हणत, म्हणजे ‘वाचणारे’. धर्म आणि अक्षर एकाच दारातून आलं होतं. त्याच काळात जमिनी गोऱ्या मळेवाल्यांकडे गेल्या, झोपडीमागे कर बसला, पुरुषांच्या गळ्यात ‘किपांडे’ हा ओळखीचा कागद आला. तो वाचता यावा म्हणून तरी शाळा हवीच होती.

१९२९ मध्ये मिशनांनी आपल्या किकुयू अनुयायांकडे मुलींची सुंता सोडल्याची कबुली मागितली, सही किंवा अंगठा घेऊन. ती प्रथा मुलींच्या जिवावर बेतणारी होती आणि मिशनच्या डॉक्टरांचा विरोध योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जमीन गमावलेल्या माणसांना हा आणखी एक हुकूम वाटला. अंगठा देणाऱ्यांना ‘किरोरे’ नाव पडलं. ‘गुतिरी मुबिया ना मुथुंगु’, पाद्री आणि गोरा यांत फरक नाही, ही म्हण मी तिथेच ऐकली.

मुलं मिशनच्या शाळांतून निघाली. अक्षर मात्र कुणी सोडलं नाही, बायबलही नाही. गावोगावच्या पालकांनी स्वतःच्या शाळा उभ्या केल्या आणि त्यांना शिक्षक मिळावेत म्हणून १९३९ मध्ये गिथुंगुरीला अध्यापक विद्यालय काढलं. १९५२ मध्ये ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ बंडामुळे आणीबाणी आली आणि सरकारने त्या शाळांना टाळं ठोकलं. मला आजही त्याचं फार वाईट वाटतं.

गिथुंगुरी पाहून आल्यावर मी सरांना लांबलचक पत्र लिहिलं. उलट टपाली पोस्टकार्ड आलं. त्यात एकच प्रश्न होता, “तिथल्या मास्तरांचा पगार कोण देई?”

पालक वर्गणी काढून देत, असं मी त्यांना कळवलं.