गोचीड चावली आणि मटण सुटलं

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, रालीजवळ राहतो. घरामागे रान. नवरा पक्का कोल्हापूरकर, त्यामुळे शनिवारी अंगणात ग्रिल पेटला की लॅम्ब चॉप्स ठरलेले. एका शनिवारी रात्री दोनला तो अंग खाजवत उठला. पाठभर गांधी, ओठ सुजलेले, पोटात कळा. जेवून पाच तास झाले होते, त्यामुळे मटणावर कुणाचा संशयच गेला नाही. इमर्जन्सीतून औषध घेऊन परत आलो. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "गोचीड चावली होती का?" चावली होती, जूनमध्ये, घोट्याला. इथे लोन स्टार जातीची गोचीड फार. मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. रक्ततपासणीत गोचिडीच्या चाव्याने जडलेली अल्फा-गॅलची अ‍ॅलर्जी निघाली. सस्तन प्राण्यांच्या मांसातली ही एक साखर, माणसात नसते. मटण खाल्ल्यावर त्रास दोन ते सहा तासांनी सुरू होतो, म्हणून पटकन लक्षात येत नाही. हे कोडं सोडवणाऱ्यांपैकी व्हर्जिनियाचे डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स यांनाही २००७ मध्ये गोचिडी चावल्या, आणि पुढे लॅम्ब चॉप्स खाऊन मध्यरात्री गांधी उठल्या. हे ऐकून नवऱ्याला उगीचच बरं वाटलं.

"पण बोकड चालेल ना?" नाही. बोकडही सस्तनच!

ग्रिलची जुनी जाळी फेकली. वर्षानुवर्षांची चरबी कितीही घासली तरी भरवसा वाटेना. चिकन सॉसेज आणले, तर वरचं आवरण डुकराच्या आतड्याचं. लेकीच्या मार्शमेलोत जिलेटिन, तेही जनावरांच्या हाडा-कातड्याचं. लेबलं वाचण्यातच निम्मा वेळ जायचा. दूध-तूप मात्र त्याला सोसतं. सगळ्यांना सोसतंच असं नाही.

आता कांदा-लसूण मसाला चोळलेल्या कोंबडीच्या तंगड्या, कोळंबी आणि पनीर. थर्मामीटरवर १६५ फॅरनहाइट दिसल्याशिवाय तंगडी उतरवत नाही. मित्र बीफ बर्गर घेऊन आलेच तर त्यांच्यासाठी वेगळा छोटा ग्रिल, वेगळा चिमटा. काहींना धुराचाही त्रास होतो म्हणून नवरा वारा येतो त्या बाजूला बसतो. जोराची रिअॅक्शन आलीच तर म्हणून एपिनेफ्रिनचं इंजेक्शन टेबलावर, मसाल्याच्या डब्याशेजारी.

नवीन चावे टाळले तर काहींची अ‍ॅलर्जी उतरते म्हणे. त्यामुळे पर्मेथ्रिन हे गोचिडी मारणारं औषध फवारलेल्या मोज्यांत पँट खोचून तो कोळसे पेटवतो. पुढची तपासणी ऑक्टोबरात.