जूनचा पैसा, ऑक्टोबरची मजुरी

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

सहामाहीचा हिशेब आज पुरा केला. एप्रिल ते सप्टेंबर. दिवाळी आठवड्यावर आली आहे आणि शिलाई करणाऱ्या बायकांच्या दिवाळीचे पैसे बाजूला काढलेले आहेत, हे वहीत डोळ्यांनी बघितलं तेव्हा उठून चहा टाकला.

गणवेशाच्या धंद्यात पैसा वर्षातून एकदाच येतो. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आणि टॉवेल आठवतो, पण शाळेच्या गणवेशासाठीही आता लांबलांबचे व्यापारी इथे येतात. आमचं छोटं युनिट त्यातलंच एक. एप्रिलच्या मध्यापासून माल निघायला लागतो, जूनच्या मध्याला शाळा उघडतात, आणि जुलै संपेपर्यंत वर्षाच्या विक्रीतला बहुतेक हिस्सा बिलांवर चढलेला असतो. ऑगस्टनंतर तुरळक मागणी. कुणाचा साईज कमी पडला, कुणाची पँट फाटली, हिवाळ्यात थोडे स्वेटर आणि ब्लेझर. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की पुढच्या हंगामाचं कापड भरायला घ्यायचं, म्हणजे जानेवारीतच पुन्हा मोठा खर्च सुरू. भाडं, वीज, मास्टरचा पगार, बँकेचं व्याज हे मात्र बारा महिने.

ज्याचा पगार एक तारखेला होतो, त्याचं डोकं महिन्यावर चालतं. किराणावाल्याचं रोजच्या गल्ल्यावर. आमचं वर्षावर चालायला हवं, आणि ते अवघड आहे, कारण जूनमध्ये खात्यावरचा आकडा बघून आपण सुखवस्तू झालो असं खरंच वाटतं. त्या आकड्यात कापडवाल्याचे पैसे असतात, सरकारचा जीएसटी असतो, बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंदा चालवायला उचललेलं कर्ज असतं, आणि डिसेंबरात घरी मशीनवर बसणाऱ्या बायकांची मजुरी असते. आपलं म्हणावं असं त्यात थोडंच.

म्हणून पैसा आला त्याच दिवशी त्याला महिना लावायचा, ही माझी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कामाची सवय. चालू खात्याशिवाय दोन खाती आहेत. एक कराचं. पैसे जमा झाले की बिलातला जीएसटी त्याच संध्याकाळी तिकडे वळता होतो, आणि वर आयकरासाठी थोडी टक्केवारी. आम्ही जीएसटीचं रिटर्न तिमाहीला भरणारे, पण तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांच्या कराचं चलन पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावंच लागतं. कापडावर भरलेला कर वजा होऊन प्रत्यक्षात कमीच जातो, तरी मी बिलावरचा पूर्ण आकडा वळवते. उरलेलं तिमाही संपल्यावर परत येतं आणि त्यातून सुताचं, बटणांचं बिल भागतं. २२ सप्टेंबरपासून दर बदलले, पण आमच्या शर्ट-पँटवर आधीही ५ टक्केच होता. फरक पडला तो ब्लेझरला. हजार रुपयांच्या वरच्या कपड्यावर १२ टक्के होता, आता अडीच हजारांपर्यंत ५ आहे. या हिवाळ्यात पालकांना ब्लेझर थोडा हलका पडेल. याचा मला मनापासून आनंद आहे.

दुसरं खातं मजुरीचं. ऑगस्ट ते मार्च दर शनिवारी किती मजुरी जाईल याचा अंदाज मी मे महिन्यातच मांडते आणि जून-जुलैत ती रक्कम भरेपर्यंत दुसरं काही करत नाही. नवीन मशीन नाही, घराला रंग नाही, कापडाचा स्वस्त लॉट आला तरी नाही. शिलाई करणाऱ्या बऱ्याच जणी सोलापूरच्या पूर्व भागातल्या. काहीजणी आधी विड्या वळत होत्या, काहींच्या सासवा अजून वळतात. त्यांच्या घरात शनिवारच्या पैशावर रविवारचा बाजार होतो. माझ्या व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत हे कारण मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? व्यापारी मी निवडलेला आहे, त्यांनी नाही.

मी स्वतःलाही पगार देते. दर महिन्याच्या ५ तारखेला, ठरलेला, घरच्या खात्यावर. जूनमध्ये वाढत नाही, नोव्हेंबरमध्ये कमी होत नाही. सीए सांगतात, एकट्या मालकीच्या धंद्यात मालकाचा पगार आयकरात खर्च धरला जात नाही, ती उचल. बरोबर आहे, पण ती कराची गोष्ट झाली. शर्टाचा भाव काढताना मी माझा पगार धरतेच, कारण उद्या माझ्या जागी कुणी माणूस ठेवला तर त्याला काही मी फुकट राबवणार नाही.

भाव काढायचा कागद दरवर्षी जानेवारीत नवा करते. यंदाचा २८ साईजच्या हाफ शर्टाचा असा: कापड ९८ रुपये, शिलाई ३२, कटिंग ५, काज-बटण ४, कॅनव्हास, बटणं, दोरा मिळून ९, इस्त्री आणि पॅकिंग ६. झाले १५४. इथे बरेच जण थांबतात आणि वरचं सगळं नफा समजतात. मी पुढे जाते. भाडं, वीज, मास्टर, व्याज, परत आलेला माल, हे वर्षाचं सगळं एका नगावर वाटलं की २१ रुपये पडतात. माझा पगार ८. मशीनचा घसारा, म्हणजे झीज, ३, आणि हे ३ रुपये नुसते कागदावर राहत नाहीत, पिग्मीत, म्हणजे रोजच्या बचतीच्या खात्यात, जातात. झाले १८६. विक्री २०५. म्हणजे हातात १९.

हे १९ मला झोपेतही पाठ आहेत. दुकानदार म्हणतो, "वहिनी, दहा रुपये तर कमी करा, एवढं काय त्यात!" त्याच्या दृष्टीने ते भावाच्या पाच टक्के. माझ्या दृष्टीने निम्म्याहून जास्त नफा. मग मी भाव सोडत नाही, दुसरं काही देते. रोख घेणार असाल तर दोन टक्के सूट. साईज चुकलेला माल शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवस बदलून देईन. लोगो आमच्याकडून करून देईन. माणूस भांडत नाही, त्याला काहीतरी मिळाल्याचं समाधान हवं असतं, आणि तेवढं समाधान देणं परवडतं.

सरकारी शाळांच्या कामाबद्दलही मी कागदावरच ठरवते. तिथे एका गणवेशाला ३०० रुपये ठरलेले, शर्ट आणि पँट दोन्ही मिळून. त्यात बसवायचं तर कापड हलकं लागतं आणि नग भरपूर लागतात. शिवाय धोरण फिरतं. २०२४ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' आलं, कापड राज्याकडून आलं आणि शिलाई बचत गटांकडे गेली. २०२५ च्या वर्षासाठी पुन्हा सगळं शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. ज्यांचा सगळा धंदा त्यावर होता त्यांचं ते वर्ष कसं गेलं असेल, याची मला कल्पना करवत नाही. कुठलाही एक गिऱ्हाईक माझ्या विक्रीच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे मी तेव्हापासून काटेकोर पाळते. मोठी ऑर्डर नाकारताना घरातल्यांचे चेहरे उतरतात. उतरू देत.

पिग्मीचं राहिलं. रोज संध्याकाळी एजंट येतो, ठरलेली रक्कम घेतो, पावती देतो. ही पद्धत उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली, दोन आण्यांपासून. ती बँक आता कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी आमच्या गल्लोगल्ली टिकून आहे. व्याज फार नाही. मला तिचा उपयोग व्याजासाठी नाहीच. मंदीच्या महिन्यांतही रोज धंद्यातून थोडे पैसे बाहेर काढून ठेवण्याची शिस्त राहते आणि तीन-चार वर्षांनी एक मशीन रोखीने येतं. फक्त माझी पिग्मी बँकेत आहे, पतसंस्थेत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. ओळखीचा एजंट गोड बोलतो म्हणून हा फरक विसरायचा नाही, हे मी बायकांनाही सांगत असते.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज येण्याची, म्हणजे दुकानदारांकडून यायच्या पैशांची, यादी. दर मंगळवारी फोन करायचे, सकाळी अकरा ते एक. रोज थोडे थोडे केले की आपलं डोकं दिवसभर त्यातच राहतं आणि समोरचाही उचलेनासा होतो. मंगळवारी माझा फोन येणार हे आता दुकानदारांना माहीत आहे. दोघांनी तर मी करायच्या आधीच पैसे टाकले.

यादी बिलाच्या तारखेप्रमाणे लावते, रकमेप्रमाणे नाही. जुनं आधी. आमच्या बिलावर उद्यम, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर छापलेला आहे आणि खाली एक ओळ: ४५ दिवसांत पैसे. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे मुदत नेता येत नाही, करारच नसला तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. मी कुणाकडे मागितलेलं नाही आणि बहुधा मागणारही नाही, कारण पुढच्या एप्रिलला त्याच दुकानात माल द्यायचा आहे. पण ओळ छापल्यापासून बोलण्याची सुरुवात बदलली. आधी "गणपती होऊ देत", "दिवाळीला बघू" असं चाले. आता तारीख समोर असते आणि किती दिवस वर गेले यावर बोलणं होतं.

एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली, की आमच्यासारख्या लहान उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. चांगली आहे. मात्र आमच्या धंद्याला तिचा जोर उशिरा लागतो. जूनचं बिल ऑक्टोबरात दिलं तरी वर्ष तेच, त्यामुळे दुकानदाराचं काही बिघडत नाही. ३१ मार्चला जे थकलेलं उरेल त्यालाच चटका. मला पैसे लागतात जानेवारीत, कापडवाला रोखीवर सूट देतो तेव्हा. म्हणजे कायदा मार्चला धावून येईल, पण जानेवारीचा बंदोबस्त मलाच करायला हवा.

यादीत एक नाव माढा तालुक्यातलं. सप्टेंबरच्या शेवटी सीना नदीला पूर आला तेव्हा त्यांच्या दुकानात पाणी शिरलं. मी फोन केला तो पैशासाठी नव्हे. ते स्वतःच म्हणाले, "वहिनी, तुमचे राहिलेत, मला ठाऊक आहे." मी म्हटलं, भाऊ, मार्चपर्यंत विषय नको. फोन ठेवल्यावर वहीत त्या नावापुढे 'मार्च' लिहिलं आणि मजुरीच्या खात्याचा आकडा पुन्हा एकदा तपासला. हलला नव्हता. ते पैसे आले नाहीत तरी मार्चपर्यंतचे शनिवार भागतात. जूनमध्ये मन मारून बाजूला ठेवलेलं असलं की ऑक्टोबरात एखाद्याला सवलत देता येते. नसतं ठेवलं तर मीही आज त्या माणसाच्या मागे लागले असते, आणि त्याचा चिखल अजून उपसून झालेला नाही.

सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिटचं, थोडक्यात: ऑगस्टमध्ये शून्यावर आणलेलं, अजून शून्यावर आहे. जानेवारीत पुन्हा काढीन. सीसी उचललेलं असताना मुदत ठेव करायची नाही, एवढं एक पाळते, कारण बँक ठेवीवर देते त्याहून जास्त सीसीवर घेते. तारण म्हणून मागितली असेल तर गोष्ट वेगळी.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

सकाळी मजुरी आणि दिवाळी एकत्र वाटली. पाकीट हातात देताना प्रत्येकीला तिच्या नगांचा हिशेब वाचून दाखवते, कारण तिचे किती नग झाले हे तिला माझ्यापेक्षा जास्त नेमकं माहीत असतं आणि चूक असली तर तिथेच सुटते. अनसूयाअक्कांनी मोजून झाल्यावर विचारलं, "ताई, शंभर रुपये रोजची पिग्मी मला पण लावता येईल का?" त्यांची कमाई दर आठवड्याला वेगळी, तेव्हा शंभर जड जातील. पन्नासपासून सुरू करा म्हटलं. सोमवारी एजंटला त्यांच्याकडे पाठवायचं आहे.

दुपारी एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. शाळा पूरग्रस्त गावातली, मुलांचे गणवेश, दप्तरं सगळं गेलेलं. कुणीतरी गावकरी मिळून पैसे जमवतायत, साठ मुलांचे शर्ट हवेत, किती कमी कराल?

कागद समोरच होता. भाडं, मास्टर, व्याज, माझा पगार हा वर्षाचा सगळा खर्च नगांवर वाटताना मी जूनपर्यंतचेच नग धरते, म्हणजे ते हंगामात वसूल झालेलं आहे. हे साठ शर्ट त्याच्या वरचे. १५४ ला दिले तर मला एक रुपयाही खिशातून घालावा लागत नाही, आणि शिलाईचे ३२ पूर्ण राहतात. कापडात काटछाट करणार नाही असं बाईंना सांगितलं, तोच तागा, तीच बटणं. १५४ अधिक जीएसटी. त्यांना वाटलं मी घाईत चुकीचा आकडा सांगितला. त्यांनी दोनदा विचारलं.

मास्टरना फोन केला. पाडव्यापर्यंत युनिट बंद आहे, भाऊबीज झाली की शुक्रवारी २४ तारखेला पांढऱ्या कापडाचे दोन तागे टेबलावर घ्यायचे. २४ ते ३२ साईज, प्रत्येकाचे किती ते बाई सोमवारी कळवणार आहेत.