तुम्ही विचारलंत म्हणून: कमला हाउसच का?

अहमदाबादच्या अभ्याससहलीची गाडी घाट उतरली की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींची तुमची सगळ्यात आवडती वास्तू कोणती?" मी "कमला हाउस" म्हणते आणि चेहरे पडतात. बंगळूरचं आयआयएम सोडून, चित्रकार हुसेन यांच्याबरोबर केलेली अहमदाबादची गुंफा सोडून त्यांचं स्वतःचं राहतं घर? गाडीच्या खडखडाटात ते नीट सांगून होत नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून इथे लिहिते.

बाळकृष्ण दोशी आपल्या पुण्याचे. २६ ऑगस्ट १९२७ चा जन्म, फर्निचरचा धंदा असलेल्या एकत्र कुटुंबातला. ते वर्षाचेही नव्हते तेव्हा आई गेली. घरातल्या मोठ्या माणसांनी वाढवलं. माणसं वाढली की त्या घरात खोल्या वाढत, मजले चढत. घर असं माणसांबरोबर वाढतं, हे त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं. पुढे मुंबईचं जेजे वास्तुकला महाविद्यालय झालं, पॅरिसला विख्यात वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखालचं काम झालं. पण मला वाटतं, ते सगळे वरचे मजले. जोतं पुण्यातल्या त्या घराचं.

हे मला पटकन पटलं, कारण आमच्या कसब्यातल्या घरानेही हेच केलं होतं. आत्या दोन मुलांना घेऊन कायमची माहेरी आली, त्या उन्हाळ्यात वडिलांनी गच्चीवर पत्र्याची खोली चढवली. वडील बँकेत कारकून. एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी चार रेघा ओढल्या आणि आत्याला एवढंच विचारलं, "खिडकी कुठे हवी?" तिने स्वयंपाकघराच्या बाजूला मागितली, खाली आईला हाक मारता यावी म्हणून. आज मी विद्यार्थ्यांना घराचं डिझाइन शिकवते, तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारायला लावते.

१९५४ मध्ये दोशी कॉर्ब्युझिएंच्या कामांवर देखरेख करायला अहमदाबादला आले आणि तिथलेच झाले. १९५५ मध्ये कमलाबेनशी लग्न झालं. १९६३ चं कमला हाउस हे घर त्यांच्याच नावाचं. चौरस प्लॅन, मध्ये चार खांब, उघडी वीट, बाहेर झाडं. तिन्ही मुली तिथे लहानाच्या मोठ्या झाल्या. प्लॅन इतका साधा की विद्यार्थी अर्ध्या तासात काढतात आणि मग कागदाकडे बघत बसतात, कारण दाखवण्यासाठी केलेलं त्यात काहीच सापडत नाही. पुढे जगभर नाव झालेला माणूस स्वतःच्या बायकोमुलांसाठी बांधताना इतका थोडक्यात थांबला, याचं मला फार अप्रूप आहे.

आणि जे घरच्यांसाठी, तेच परक्यांसाठी. अहमदाबादच्या एलआयसी वसाहतीत, १९७३ मध्ये, त्यांनी सर्वांत मोठं घर तळाला ठेवलं, सर्वांत लहान वर, आणि गच्च्या अशा सोडल्या की कुटुंब वाढलं तर घरालाही वाढता यावं. इंदूरच्या अरण्य वसाहतीत तर गरिबांना जोतं, संडास-मोरी आणि एखादी खोली एवढंच दिलं. बाकीचं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे, सवडीने वाढवायचं. सुमारे साडेसहा हजार घरांची ती योजना.

एका सहलीत एलआयसी वसाहतीत एक मुलगी भिंती घालून बंद केलेल्या गच्चीपुढे थांबली. "मॅडम, हे मूळ ड्रॉइंगमध्ये नाही. लोकांनी वाट लावलीय ना?" मी तिला आत्याची खिडकी सांगितली. रहिवाशांनी घरं आपापल्या परीने बदललेली पाहून दोशींना आनंदच व्हायचा, हेही सांगितलं. ती तिथेच जिन्यावर बसली आणि बदललेल्या घराचं स्केच काढायला लागली.

२०१८ मध्ये दोशींना प्रिट्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. त्या वेळी जर्मनीत व्हिट्रा या फर्निचर कंपनीच्या आवारातलं ध्यानस्थळ अपुरं होतं. नात खुशनू आणि तिचा नवरा, दोघेही आर्किटेक्ट, त्यावर आजोबांबरोबरच काम करत होते. २०२५ मध्ये ते खुलं झालं. दोशींची भारताबाहेरची ही पहिली वास्तू, आणि तिचं उरलेलं काम घरच्याच माणसांनी पुरं केलं.