खुराड्याची नोंद: हिरवी हगवण आणि भिंतीतले गोचीड

मागच्या नोंदीत तलंगा (तरण्या कोंबड्या) अंड्यावर आल्याचं लिहिलं होतं. त्यानंतरचा सगळा उन्हाळा आजारपणात गेला. आता एक-दोन बरे पाऊस झालेत, कोंबड्या पुन्हा उकिरडा उकरायला लागल्यात, म्हणून सवडीने लिहितोय. नव्या मंडळींसाठी: आमचं आटपाडीकडचं कोरडं रान, परड्यात दगडमातीचं जुनं शेळ्यांचं खोपट, त्यालाच जाळी मारून खुराडं केलेलं. गावरान आणि गिरिराज (सुधारित जात) एकत्रच राहतात.

पहिली गेली ती अंड्यावरची गिरिराज. सकाळी बाकीच्या दाण्यावर तुटून पडल्या आणि ही पंख सोडून, मान आत ओढून कोपऱ्यात उभी. तुरा फिका पडलेला, अंग चटका बसावा इतकं गरम. दाण्याला तोंड लावेना, पाणी मात्र सारखं पीत होती. शीट पातळ आणि हिरवीगार. दुसऱ्या दिवशी पायांतलं बळ गेलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. मग थोड्या दिवसांनी दुसरी, तशीच.

हिरवी शीट दिसली की आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं: मर, म्हणजे राणीखेत रोग. पण पिल्लं आठवड्याची असताना त्यावरच्या लासोटा लसीचे थेंब दिलेले, आठ आठवड्यांवर आर-टू-बी ही त्याचीच पुढची लस टोचून घेतलेली. लस फसते, बर्फाच्या डब्याऐवजी कुणी खिशातून आणली तर हमखास फसते, म्हणून ती शंका लगेच सोडली नाही. तरी मर चालते तसं हे चालत नव्हतं. धाप नाही, नाकातोंडाला चिकट नाही, मान पिळवटणं नाही. शेजारच्या आक्का कुंपणापलीकडून म्हणाल्या, "आरं, मर आली अस्ती तर आत्तापतूर खुराडं मोकळं झालं अस्तं. ह्ये कायतरी येगळंच हाय."

आणखी एक गोष्ट खटकत होती. आमच्या काही गावरान कोंबड्या रात्री खुराड्यात येतच नाहीत, लिंबावर चढून बसतात. मांजर, मुंगूस यांच्या भीतीने त्यांना आत घालायचा प्रयत्न करून मी कधीच हात टेकलेत. त्यांच्यातली एकही आजारी नव्हती. दाणा तोच, पाणी तेच, दिवसभरचा उकिरडाही तोच. म्हणजे जे काही होत होतं ते खुराड्यात आणि रात्री होत होतं.

सरकारी दवाखान्यात मात्र दुसरी कोंबडी मेली तेव्हाच कळवलं होतं, आणि हे सगळ्यांनी करावं. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये आपल्याच नंदुरबारच्या नवापुरात. कारण न कळता पक्षी मरत असतील तर ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मेलेली कोंबडी उघड्या हाताने सोलू नये, कुत्र्यापुढे टाकू नये, ओढ्यात तर नकोच. डॉक्टरांनी ती फाडून बघितली. श्वासनलिका स्वच्छ, पोटाच्या ग्रंथींवर राणीखेतमध्ये दिसतात ते रक्ताचे ठिपके नाहीत. पण प्लीहा चांगलीच सुजलेली आणि ठिपक्याठिपक्यांची. ती बघितल्यावर त्यांनी मला विचारलं, "रात्री बॅटरी घेऊन दांड्या कधी बघितल्यात का?"

उवा-पिसवांची तपासणी आधीच केली होती. गुदाजवळची पिसं बाजूला केल्यावर पळणाऱ्या पिवळट उवा थोड्या होत्या, पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गड्डेही होते. पण उवेने अंडी कमी होतात, कोंबडी झिजते, अशी तापाने फणफणून मरत नाही. लाल माइट (रात्री रक्त पिणारा बारीक किडा) आहे का म्हणून पांढरा कागद दांडीखालून घासून बघितला, तर रक्ताचा एकही तांबडा फराटा उठला नाही.

रात्री दहानंतर गेलो. बाभळीच्या दांडीवर वरून काही नाही. खाली वाकून दांडीच्या पोटावर उजेड टाकला तर जिथे ती भिंतीत घुसते तिथून गोचीड रांगेने बाहेर येत होते. गुराच्या गोचिडासारखे टम्म नव्हेत. चपटे, तपकिरी, सुरकुतलेल्या कातड्याचे, कडेला चेपल्यासारखे. वरून बघितलं तर तोंडसुद्धा दिसत नाही, ते पोटाखाली असतं. एक कोंबडीच्या पायावरून खाली उतरत होता, तो मात्र रक्त पिऊन निळसर करडा झालेला. दगडांच्या सांध्यातली माती सुरीने खरवडली आणि आतला थवा बघून मीच मागे सरलो. दिवसा इथे उभं राहून अंडी गोळा करायचो, एकदाही काही दिसलं नव्हतं.

हा कोंबडीचा मऊ गोचीड, शास्त्रीय नाव आर्गस पर्सिकस. मोठा झाला की रात्री येतो, अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि उजाडायच्या आत फटीत जातो. अळी अवस्था तेवढी वेगळी: सहा पायांची, पंखाखाली ५ ते १० दिवस चिकटून राहते, काळसर मोहरीसारखी दिसते. या अळ्यांमुळे पाय लुळे पडू शकतात. त्याहून वाईट म्हणजे हा गोचीड बोरेलिया अँसेरिना नावाचा मळसूत्री जंतू पसरवतो. ताप, सुस्ती, हिरवी हगवण सगळी त्याची. डॉक्टरांनी ताज्या तापातल्या कोंबडीच्या पंखाच्या शिरेतून रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काचपट्टी केली. आजार जुना झाला की जंतू रक्तातून नाहीसे होतात, मग काचपट्टी कोरी येते. आमच्या पट्टीत ते सापडले. साधं पेनिसिलिन त्यावर चालतं. त्यांनीच इंजेक्शनं दिली, आणि ज्या वेळेत टोचलं त्या काळातली अंडी आम्ही खाल्ली नाहीत.

पण औषधापेक्षा घर महत्त्वाचं, हे माझं ठाम मत आहे. पोल्ट्रीवाले दोन बॅचमध्ये शेड रिकामं ठेवतात, तसं काही आठवडे खुराडं मोकळं ठेवून इथे भागत नाही. हा प्राणी दोन वर्षांहून अधिक काळ उपाशी जगतो. त्यामुळे कोंबड्या बाहेर काढल्या त्या थेट नव्या जागी नेल्या नाहीत. आधी शेताच्या बांधावर तात्पुरत्या जाळीत दोन आठवडे ठेवल्या, म्हणजे पंखाखालच्या अळ्या पोट भरून तिथेच गळतील. मग त्या जागेचा पालापाचोळा जाळला. हे केलं नाही तर आपणच गोचीड नव्या खुराड्यात पोचवतो.

इकडे खोपटाच्या बाभळीच्या दांड्या आणि वासे काढून पेटवले. भिंतीचे सांधे खरवडून फ्लेम गन फिरवली (छपराचा कडबा आधी उतरवा, हे सांगायला लागू नये), डॉक्टरांनी सांगितलेलं डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक रिकाम्या भिंतीत फवारलं, सांधे सिमेंटने बुजवले, वर चुना. दांडीऐवजी आता लोखंडी पाइप, भिंतीला कुठेही न टेकणाऱ्या घोडीवर, आणि घोडीचे चारही पाय जळक्या ऑइलच्या वाट्यांत. आई म्हणते, कोंबड्यांना पलंग केलास. पाइप गुळगुळीत असल्यामुळे पंजे घसरतात, म्हणून त्यावर सुतळी गुंडाळायचा मोह होतो. गुंडाळू नका, सुतळी म्हणजे पुन्हा फटी. मी पाइप खडबडीत घासून घेतला.

डायटम माती (किडे मारायला वापरतात ती बारीक पूड) मागवा असं बरेच जण सुचवतात. राखेच्या खड्ड्यात मिसळली तर उवांना ठीक, भिंतीतल्या गोचिडापर्यंत ती पोचत नाही. आमच्या चुलीची राख आणि वाळलेला लिंबपाला यावरच उवा आटोक्यात आल्या.

आता पाइपाखाली पन्हळी पुठ्ठ्याची पट्टी बांधून ठेवतो, अधूनमधून उलगडून बघतो. एखाददुसरा गोचीड अजून सापडतो, पट्टी चुलीत जाते. नवा ताप नाही. पाय लुळे पडलेल्या कोंबड्यांपैकी बहुतेक जणी, पंखाखालच्या अळ्या काढल्यावर, चालायला लागल्या.

एक तलंग मात्र नाही. तिचा एक पाय पुढे, एक मागे, ताप कधीच नव्हता, अंगावर अळी नव्हती, खाणं चांगलं होतं, तरी वाळत गेली. डॉक्टरांना मॅरेकची, म्हणजे नसा धरणाऱ्या विषाणूच्या रोगाची, शंका आहे, आणि घरी रवणीवर काढलेल्या पिल्लांना पहिल्या दिवशीची ती लस आपण कुणीच देत नाही. कुपी हजार पिल्लांची, आपली पिल्लं डझनभर. पुढची खेप म्हणून हॅचरीतून, मॅरेकची लस दिलेलीच आणणार आहे. गावरान कोंबडी खुडूक बसलीच तर तिच्याखाली अंडी ठेवायची की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.